घुबडसरांच्या टेपा

एस.टी.च्या खिडकीतून सगळी माणसं डोंगर बघतात, घुबडसर भंगार बघायचे. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना वळणावळणाला लोक जीव मुठीत धरून दरीकडे बघत असत, आणि सरांचं लक्ष गॅरेजांच्या मागे, हॉटेलांच्या पडवीत, शाळांच्या मागच्या व्हरांड्यात. एकदा मी त्यांच्या शेजारी बसले होते. गाडी चांगली वेगात होती, आणि सर ताडकन उभे राहून ओरडले, "कंडक्टर, थांबवा, थांबवा!" कंडक्टरला वाटलं, मास्तरांना मळमळतंय. त्यानं घाईघाईनं बेल मारली. सर माझीही पिशवी घेऊन खाली उतरले, त्यामुळे मलाही उतरावं लागलं. धुरळ्यातून बरंच अंतर मागे चालत गेलो. भंगाराच्या ढिगात सरांना जो दुधी रंगाचा कोपरा दिसला होता, तो संडासाच्या टाकीच्या झाकणाचा निघाला. पुढची गाडी संध्याकाळची. सर मोहाच्या झाडाखाली बसून हळहळत म्हणाले, "रंग अगदी तोच होता हो, बाई." मी चांगली खडसावणार होते, पण त्यांचा चेहरा बघून मला हसूच फुटलं.

सरांविषयी लिहायला बसलं की सुरुवात अशी हसण्यानं होते. पुढे हसू टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ते शोधत असायचे जुने घरगुती संगणक. नव्वदनंतर जव्हारला संगणक म्हटलं की लोकांना पत्रिका छापणाऱ्याकडचा पडदा आणि त्याच्या खालचा डबा आठवायचा. सरांचे संगणक त्याच्या आधीचे, ऐंशी सालानंतर लगेच आलेले. बटणं आणि संगणक एकाच पेटीत. ती पेटी घरातल्या टीव्हीला जोडायची, शेजारी गाण्यांचा साधा टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि कॅसेटवरून प्रोग्राम आत चढवायचा. कॅसेट फिरू लागली की कान किटतील असा आवाज यायचा, आणि तो थांबला की पडद्यावर काहीतरी उमटायचं. पेटी बंद केली की आतलं सगळं पुसलं जायचं. म्हणून जे जपायचं ते कॅसेटवर. सर कॅसेट म्हणायचे नाहीत, 'टेपा' म्हणायचे.

घुबडसर हे नाव त्यांना अशाच एका पेटीमुळे पडलं. मी खोडाळ्याची, आमच्या घरातली पहिली नोकरदार मुलगी, जव्हारच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. सर गणित आणि विज्ञान शिकवायचे. सरकारच्या कुठल्याशा योजनेत शाळेला संगणक आला आणि प्रशिक्षणाला म्हणून सरांना पुण्याला पाठवलं. पेटी आली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी नारळ फोडला, पेटीला हार घातला, आणि हार सारखा करताना त्यांना बटणांच्या वरच्या बाजूला ठिपक्यांनी काढलेलं चिमुकलं घुबड दिसलं. आमच्या भागात घुबडाचं नावसुद्धा लोक जपून घेतात. शिपाई दोन पावलं मागे सरून म्हणाला, "सायेब, ही पेटी हापिसात नको. बाहेरच बरी." सर्वांचे चेहरे पडले. एकटे सर खुशीत. म्हणाले, "घुबडाला अंधारातलं दिसतं. आपल्याकडे वीज तरी कुठे असते?" पेटी त्यांच्या प्रयोगशाळेत गेली आणि मुलांनी त्यांना घुबडसर करून टाकलं. जाड भिंगांचा गोल चष्मा होताच. सरांना ते नाव आवडायचं.

त्यानंतरची दोनेक वर्षं त्यांच्या आयुष्यातली सुखाची. शाळा सुटल्यावर वसतिगृहातली मुलं प्रयोगशाळेत जमायची. वीज असली तर काम, नसली तर सर पेटीवरचं फडकं काढून नुसती बटणं ओळखायला लावायचे. मुलांनी लिहिलेले प्रोग्राम टेपांवर साठवायचे. एका टेपेवर अनेकांचे प्रोग्राम, मग कुणाचा कुठे सुरू होतो हे कळणार कसं? सरांनी सोपी युक्ती काढली. आधी मुलानं स्वतःच्या आवाजात नाव सांगायचं, मग त्याच्यामागे प्रोग्राम भरायचा. टेपरेकॉर्डर नुसता लावला तरी आधी मुलाचा आवाज, मग ती किरकिर, मग पुढच्या मुलाचा आवाज असं ऐकू यायचं. मला तो प्रकार फार गोड वाटायचा. पाड्यावरची मुलं वर्गात तोंड उघडायला लाजायची, कारण घरची बोली निराळी आणि पुस्तकातली निराळी. टेपेवर मात्र ती घरच्यासारखी बोलायची.

त्यांत एक जनी होती. सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरची, आठवीतली, फ्रॉकच्या खिशात सदा चिंचोके बाळगणारी. टेपेवर तिचा आवाज होता, "माझा नाव जनी. यत्ता आठवी. ह्यो माझा पोग्राम." तिचा प्रोग्राम चालू केला की पडद्यावर 'तुझा नाव काय' असं इंग्रजी अक्षरांत उमटायचं. नाव टाकलं की ते नाव घेऊन पेटी म्हणायची, 'या, बसा, पाणी घ्या.' बस, एवढंच. तिच्या पाड्यावर वैशाखात बाया झऱ्याशी रांग लावून वाटीवाटीनं हंडा भरतात, तरी आल्या माणसाला आधी पाणी देतात. सर तो प्रोग्राम आल्यागेल्याला दाखवायचे. मी तर तो इतक्यांदा पाहिला होता, की 'सर, आता चहा घ्या असं म्हणायला लावा तिला' अशी थट्टा करायची.

मग वरून एक साहेब तपासणीला आले. वीज नेमकी गेलेली. सरांनी तोंडी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "या मुलांना आधी धड लिहू-वाचू द्या. संगणक काय करायचाय यांना? आणि प्रोग्राम तुम्हीच केले असणार, मास्तर, काय?" सर म्हणाले, "मुलांचे आवाज आहेत टेपेवर. वीज येऊ द्या, ऐकवतो." साहेबांना पुढे जायचं होतं. महिनाभरात हुकूम आला. पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. त्याच वर्षी दिवाळीनंतर जनीचे आईबाप वीटभट्टीवर गेले आणि जाताना तिलाही घेऊन गेले. टेपा तेवढ्या सरांनी घरी नेल्या.

सर तसे शांत गृहस्थ, पण साहेबांचं ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. पुढची सगळी वर्षं ते मनातल्या मनात त्याच साहेबांना उत्तर देत होते. शाळेत एक खोली मिळवायची, तिथे ही यंत्रं चालू ठेवायची, पाड्यावरच्या पोरांनी त्यांना हात लावायचा, आणि दारात येणाऱ्या प्रत्येक साहेबाला जनीचा प्रोग्राम दाखवायचा, हा त्यांचा ध्यास. "पुरावा आहे माझ्याकडे, बाई," असं ते येता-जाता म्हणत. एका पेटीवर भरवसा नको म्हणून आणखी पेट्या हव्यात, त्यांच्या सुट्या भागांवर शाळेतली पेटी चालेल, असा हिशेब मांडून ते भंगाराच्या मागे लागले. नंतर हिशेब मागे पडला आणि नाद उरला.

त्या पेट्या ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कंपन्यांची नावं ते घेत नसत, त्यांनी आपली घरगुती नावं ठेवली होती. खोडरबरासारख्या बटणांची काळी ती 'रबरी'. जिला बटणंच नव्हती, नुसते चौकोन छापलेले होते, ती 'सपाट'. आणि आमची ती 'घुबड'. रबरी त्यांना जव्हारच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे मिळाली, मुलानं परदेशातून आणलेली. सपाट मिळाली खोडाळ्याच्या बाजारात. सुकट विकणाऱ्या बाईनं ती पाटीखाली टेकू म्हणून लावली होती. सरांनी तिच्याकडून भरपूर सुकट घेतली, मग गप्पा मारल्या, मग तिला चांगला चौरस दगड आणून दिला आणि पेटी उचलली. त्या पेटीचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

मागायची त्यांची रीत ठरलेली. दारात जाऊन कधी एकदम विचारायचं नाही. ओट्यावर बसायचं, कोरा चहा प्यायचा, घरातला बंद पडलेला रेडिओ मागून घेऊन नीट करून द्यायचा, आणि उठता उठता म्हणायचं, "बटनांची पेटी हाय का कुठं पडलेली?" मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत अशी पेटी आहे असा सुगावा लागला. जाऊन बघतात तो स्वयंपाकीणबाईनं तिचं पोट रिकामं करून त्यात कोंबडी बसवलेली. बाई बिचारी कोंबडीला उठवायला निघाली. सर घाईनं म्हणाले, "नको, नको, तिचं काम मोठं आहे." पिल्लं बाहेर पडेपर्यंत ते थांबले आणि मग जाऊन ती पेटी घेऊन आले. आतलं सगळं गेलेलं होतं, पण वरचं कवच आणि काही बटणं शाबूत होती, तेवढ्यावर स्वारी खूश होती.

कुठलीही पेटी त्यांच्या हाती आली की ते कान लावून, हलवून बघायचे आणि म्हणायचे, "मेली नाही, झोपलीय." एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी एक घुबड जागं करायला घेतलं, तर आतून फट्कन आवाज आला आणि जळक्या वासाचा पांढरा धूर निघाला. चित्रकलेचे सर खिडकीतून बाहेर पडले. आमचे सर धुरात वाकून म्हणाले, "कपॅसिटर गेला. बाकी पेशंट ठीक आहे." मी विचारलं, "सर, तुमच्याकडे आलेली एकही पेटी मेलेली नसते का हो?" ते म्हणाले, "असते की. पण ते तिला सांगायचं नाही."

असं करता करता नव्वदचं दशक सरलं. इतक्या पेट्यांमधून दोन घुबडं चालू झाली. चालू केल्यावर आधी घोगरा आणि मग किणकिणता असा आवाज यायचा, तो ऐकला की सरांच्या घरात सण. घर जव्हारच्या टोकाला, कुडाच्या भिंतींचं, आत चुलीपाशी वहिनी. वहिनींना शाळा माहीत नव्हती. सर सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यावरून शिकून मास्तर झाले, वहिनी त्याच पाड्यावरच्या. नवऱ्याला त्या मास्तर म्हणायच्या. "मास्तरांच्या पेट्या" त्या रोज फडक्यानं पुसायच्या, आणि टेपांच्या डब्याला पोरांना हात लावू द्यायच्या नाहीत. त्या डब्यात काय आहे हे त्यांना सरांनी एकदाच सांगितलं होतं, "ह्याच्यात पोरांचे आवाज हायेत." वहिनींना तेवढं पुरलं.

आणि मग, दोन हजार साल उलटल्यावर, खरंच वेळ आली. शाळांना नवे संगणक द्यायचे म्हणून एक समिती हिंडणार होती. जिथे मुलांना आधीपासून काही येतं असं दिसेल तिथे आधी द्यायचे, असं तिचं धोरण होतं. आमचे मुख्याध्यापक नवे आणि उत्साही होते. सरांना म्हणाले, "समितीला पटवा. नवे संगणक आले तर चित्रकलेची रिकामी खोली तुमची. तुमच्या पेट्यांसकट." सरांनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती, आणि समिती दिवाळीनंतर येणार होती.

पावसाळ्यात सरांना कावीळ झाली. जव्हारला गुण येईना, म्हणून नाशिकला हलवलं. ते बरेच आठवडे तिथे होते. त्या वर्षी पाऊस असा लागला होता, की आमच्या शाळेच्या भिंतींना हात लावला तर हाताला पाणी यायचं. सरांच्या घराचं छप्पर एका बाजूनं गळायला लागलं. पेट्यांवर वहिनींनी कांबळी घातली. पण टेपांच्या डब्यात त्यांना बुरशीचा पांढरा ठिपका दिसला आणि त्यांचं काळीज हललं. मग त्यांनी तेच केलं, जे आमच्याकडच्या कुठल्याही शहाण्या बाईनं केलं असतं.

आमच्याकडे चुलीच्या वर माळा असतो. पावसाळ्यात घरात जे सर्वांत मोलाचं, ते त्या माळ्यावर जातं. नागलीचं बी, भाताचं बी, वाल, सुकी मासळी. खालून धूर आणि ऊब लागते, म्हणून कीड नाही, ओल नाही, उंदीर फिरकत नाही. पुढच्या वर्षाचं पीक त्या माळ्यावर असतं. वहिनींनी बियाण्याच्या टोपल्या बाजूला सरकवल्या आणि त्यांच्या जागी, चुलीच्या बरोबर वर, टेपांचा डबा ठेवला. खाली दिवसभर चूल पेटलेली.

सर नाशिकहून आले तेव्हा मी त्यांना भेटायला गेले होते. अंगावर मांस राहिलं नव्हतं, डोळे अजून पिवळट. बसल्या बसल्या त्यांनी डबा मागितला. वहिनींनी माळ्यावरून उतरवला, पदरानं काजळी पुसली आणि मोठ्या मानानं त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "बी ठेवतो तशा ठेवल्या, मास्तर. येकीला पन बुरशी नाय लागू दिली. बघा." सरांनी झाकण उघडलं. टेपांची कवचं पापडासारखी वाकली होती. आतली पट्टी एकमेकीला चिकटलेली, वर तेलकट काळा थर. सरांनी एक टेप उचलून उजेडात धरली. मग वहिनींकडे बघून म्हणाले, "बरा केलास." वहिनी हसून चहाला आधण ठेवायला उठल्या. मी सरांकडे पाहिलं, तर त्यांनी मला नुसतं मानेनं नको म्हटलं.

नंतरचे दिवस सर त्या टेपांशी झुंजत होते. जुन्या गाण्यांच्या कॅसेटी फोडून त्यांची कवचं घेतली, मुलांच्या पट्ट्या हातानं सोडवून त्यांत भरल्या, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्या. वहिनींना सांगितलं की समितीसाठी नवी कवचं घालतोय. बऱ्याचशा तुटल्या. जनीची टेप वाचली. टेपरेकॉर्डरमध्ये लावली तर आवाज आला, पाण्याखालून आल्यासारखा, हेलकावे खात, पण ओळखू येणारा. "माझा नाव जनी. यत्ता आठवी." मी आनंदानं टाळीच वाजवली. सरांनी टाळी वाजवली नाही. ते म्हणाले, "बाई, आवाज तुटका असला तरी आपला कान जोडून घेतो. हे घुबड जोडून घेत नाही. त्याला सगळं जसंच्या तसं लागतं." त्यांनी पेटीला टेप जोडली. किरकिर झाली, आणि पडद्यावर इंग्रजीत आलं, 'डेटा?' आणि त्याच्या खाली, 'रिवाइंड टेप'. टेप मागे घ्या. त्यांनी मागे घेतली. पुन्हा तेच. त्यांनी पुन्हा मागे घेतली.

मी व्यवहारी बाई. म्हटलं, "सर, आठ-दहा ओळींचा तो प्रोग्राम, तुम्हाला तोंडपाठ आहे. तुम्हीच लिहून टाका. समितीला काय कळणार आहे?" सर चिडल्याचं मी त्या एकाच वेळी पाहिलं. म्हणाले, "मग त्या साहेबाचं खरं होईल ना! प्रोग्राम मास्तरांनी केले. तेच तर म्हणाला होता तो." मग स्वतःशीच म्हणाले, "तिनंच परत लिहिला तर चालेल."

म्हणून अशक्त अंगानं ते जनीच्या शोधात निघाले. एकटे जाऊ नयेत म्हणून मीही गेले. तिच्या पाड्यावर पत्ता मिळाला, आणि भिवंडीच्या पलीकडे, भट्टीच्या हंगामासाठी नुकत्याच उभ्या राहिलेल्या झोपड्यांत जनी भेटली. कडेवर पोर, दुसरं पायाशी, हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले. सरांना ओळखून तिनं डोक्यावर पदर घेतला. सरांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढून तिचा आवाज लावला. ती ऐकत राहिली, मग लाजून हसली. "कोनाचा हाय, सर?" सर म्हणाले, "तुझाच गं." "माझा?" तिनं पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. "मना नाय याद येत, सर. दुसरी कोन जनी असंल." सरांनी तिला पडद्यावर काय यायचं ते सांगितलं, तुझा नाव काय, या, बसा. ती आदरानं ऐकत होती, पाहुणा बोलतोय म्हणून. तेवढ्यात मुकादमानं हाक मारली, "ए, चलो, जल्दी करो!" ती जाताना म्हणाली, "बसा सर, मी पानी आनते." आणि कामाला लागलेल्या बायकांत मिसळली. आम्ही पाण्यासाठी थांबलो. ती मुकादमाच्या तावडीतून सुटू शकली नसावी, कारण पाणी काही आलं नाही. परतीच्या एस.टी.त सरांनी डोळे मिटून घेतले होते.

समिती आली. सरांनी मुलांकडून मेजावर सगळ्या पेट्या मांडून घेतल्या होत्या, रबरी, सपाट, कोंबडीवाली, आणि मध्ये दोन घुबडं. वीज होती. घुबड घोगऱ्या आवाजानं जागं झालं आणि समितीची माणसं कौतुकानं पुढे झुकली. सरांनी टेप लावली. जनीचा आवाज खोलीभर घुमला. समितीचे अध्यक्ष वयस्कर, चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "वा! म्हणजे यावर आवाज वाजतात तर!" सर म्हणाले, "आवाज नव्हे सर, आता प्रोग्राम येईल." किरकिर झाली. 'डेटा?' आलं. 'रिवाइंड टेप' आलं. सरांनी टेप मागे घेतली, पुन्हा जनी बोलली, पुन्हा किरकिर, पुन्हा तेच. दोन्ही घुबडांवर करून पाहिलं. अध्यक्षांनी हळूच घड्याळाकडे पाहिलं. सर टेप मागे घेत राहिले. कपाळावरचा घाम भिंगांवर गळत होता. शेवटी मुख्याध्यापकांनीच त्यांच्या हातावर हात ठेवला. अध्यक्ष अगदी मायेनं म्हणाले, "संग्रह सुंदर आहे, मास्तर. छंद असावा माणसाला. पण मुलांचं म्हणून दाखवण्यासारखं काही नाही ना इथे?" सर म्हणाले, "होतं." वहिनींचं नाव त्यांच्या तोंडून तेव्हाही निघालं नाही आणि पुढेही कधी निघालं नाही.

संगणक दुसऱ्या शाळेला गेले. चित्रकलेच्या खोलीत खिचडीच्या तांदळाची पोती लागली. मला तेव्हा अध्यक्षांचा राग आला, जुन्या साहेबांचा आला, आणि खोटं कशाला बोलू, वहिनींचाही आला. मग त्यांनी पदरानं पुसलेली ती काजळी आठवून स्वतःचीच लाज वाटली. राग काढायला कुणी सापडत नाही, तेव्हाचं दुःख फार वाईट असतं. सर शाळेत येत राहिले, गणित शिकवत राहिले. एस.टी.त आता ते खिडकीशी बसत नसत. निवृत्तीच्या आधी त्यांनी भंगारवाल्याला स्वतः हाक मारून घरी बोलावलं आणि पेट्या त्याच्या गाडीवर चढवून दिल्या. मी धावत गेले तोवर गाडी निघाली होती. मी म्हटलं, "सर, अहो एखादी तरी ठेवायची!" ते म्हणाले, "झोपल्यात म्हणत होतो, बाई. इतकी वर्षं मीच त्यांना झोपू देत नव्हतो."

सर पाड्यावर परत गेले. मी पुढे एकदा दसऱ्यानंतर त्यांना भेटायला सूर्यमाळला गेले. घरात ते नव्हते. वहिनी म्हणाल्या, "वावरात हायेत, चला." डोंगराच्या उतारावर नागली पिकायला आली होती. वावरावर पाखरं बसू नयेत म्हणून लोक टेपेची पट्टी काठ्यांना ताणून बांधतात. वारा सुटला की ती घरघरते, उन्हात चमकते, आणि पाखरं बिचकतात. सरांच्या वावरात या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा पट्ट्या बांधलेल्या होत्या. करड्या, जागोजागी गाठी मारलेल्या, काजळीचे डाग असलेल्या. मला विचारावं लागलं नाही. सर बांधावर बसले होते, खूप वाळले होते. त्यांनी माझी चौकशी केली, शाळेची केली नाही. वारा आला आणि सगळं वावर घरघरायला लागलं. मला उगाचच वाटलं की त्यात शब्द ऐकू येतील.

"यातली जनीची कुठली हो, सर?" मी हळूच विचारलं.

"आता नाही सांगता यायचं," ते म्हणाले.

वहिनी आमच्यामागे उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की बघवेना. त्या वाऱ्यात हलणाऱ्या पट्ट्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघा बाई, कशा कामाला आल्या. तवा मी माळ्यावर ठेवल्या म्हून टिकल्या, नायतर कधीच सडून गेल्या असत्या."

सर मान खाली घालून म्हणाले, "व्हय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणाले, "खरंच हो, वहिनी."